वाघीण उठायच्या आत

काकूंनी माझं मनगट धरलं तेव्हा मला वाटलं, त्या घाबरल्या.

घाबरण्यासारखंच होतं. आमच्या जिप्सीपासून साठ-सत्तर पावलांवर, कच्च्या रस्त्याच्या मधोमध वाघीण आडवी झाली होती. आमच्याकडे पाठ करून. पाठ तरी कसली, धुळीच्याच रंगाचा एक उंचवटा आणि त्याच्या टोकाला दोन कान. मधूनच एक कान हलायचा आणि गाडीतले सगळे श्वास रोखून धरायचे.

"ती काही करत नाही, काकू," मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले. "आपण गाडीत आहोत ना."

"वाघाचं नाही गं." त्यांची बोटं आणखी रुतली. "मले जा लागते."

"कुठं?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मला कळलं.

जानेवारीतली सकाळ, उघडी जिप्सी. पहाटे सहाला ताडोबाच्या गेटमधून आत शिरलो तेव्हापासून बोचरा वारा अंगावर येत होता. काकूंना साखरेचा त्रास होता, आणि गेटवर थंडी वाजते म्हणून त्या दोन कप चहा प्यायल्या होत्या. जंगलात गाडीतून खाली पाऊल टाकायचं नाही, हा नियम आमचे गाइड मोतीराम मडावी यांनी निघतानाच दोनदा सांगितला होता.

"किती वेळ दम निघेल?" मी विचारलं.

"मघापासूनच धरून राहिली आहे मी. आता नाही होत." त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम होता. "आणि हे पाहा, अविनाशले सांगू नको. तुझ्या बाबांसमोर तर मी मरूनच जाईन."

अविनाश म्हणजे काकूंचा मुलगा. तो आणि माझे बाबा आमच्या मागच्या, थोड्या उंच बाकावर बसले होते. अविनाशशी माझं लग्न ठरलं होतं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, अठरा दिवस उरले होते. अमरावतीला आई चिवडा-शंकरपाळ्यांच्या तयारीत होती, म्हणून ती आली नव्हती. अविनाश चंद्रपूरला नोकरीला होता. "आमच्याकडे या, जंगल पाहा, मुलांनाही जरा बोलता येईल," असं काकूंनीच आग्रहानं बोलावलं होतं. पण जंगलात बोलायचं नसतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं. बाबा शेजाऱ्यांकडून मागून आणलेली दुर्बीण डोळ्यांना लावून बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी एस.टी.त काढली. मेळघाटात मुक्कामी गाडी असायची, तेव्हा एकदा त्यांनी डरकाळी ऐकली होती. ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. वाघ मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आजही अजून दोन कानच दिसले होते.

"पिल्लं डाव्या हाताच्या गवतात आहेत," मोतीराम कुजबुजले. "तीन आहेत. हे उठली का त्यांना हाक मारते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हलू नका जी."

काकूंनी डोळे मिटून घेतले. त्यांचे गुडघे एकमेकांना घट्ट लागलेले होते. ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव घेत असाव्यात.

मी उठून पुढे वाकले आणि मोतीरामांच्या खांद्याला हात लावला.

"दादा, मला मळमळतंय. चक्कर येतेय. गाडी मागे घ्या."

"आता?" ते म्हणाले.

"आता. मला पडायला होईल."

मागून बाबांचा आवाज आला. "बेटा, पाच मिनिटं दम धर ना. डोळे मिटून बस."

"नाही होणार, बाबा."

"पाणी घेता का?" अविनाशनं विचारलं. चार भेटींत त्यानं मला विचारलेला हा तिसरा प्रश्न असेल.

"नको. कुठं बाथरूम आहे का, दादा? जवळपास?"

मोतीरामांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना काय ते कळलं असावं. "दीड-दोन किलोमीटरवर संरक्षण कुटी आहे. गार्ड मॅडम राहतात तिथं. तिथं उतरता येते." त्यांनी ड्रायव्हरला खूण केली.

आमच्या मागे दोन गाड्या उभ्या होत्या. त्या मागे सरल्याशिवाय आम्हाला वाट नव्हती. मोतीराम हातानं खुणा करत राहिले, आणि त्या गाड्यांतली माणसं आमच्याकडे अशी पाहू लागली की जणू आम्ही त्यांच्या ताटातलं काढून घेत होतो. टोपी घातलेला एक माणूस दात-ओठ खाऊन म्हणाला, "लोक येतात कशाला जंगलात!" मी ओढणी तोंडाला लावली आणि मान खाली घातली. बाबा अखेरपर्यंत मागे वळून पाहत होते. वळणावर झाडं आडवी आली तेव्हा त्यांनी दुर्बीण उतरवून मांडीवर ठेवली.

तो दीड किलोमीटर मी कधी विसरणार नाही. प्रत्येक खड्ड्याला काकू माझ्या खांद्यावर डोकं टेकवायच्या, आणि मी मोठ्यानं म्हणायची, "हळू घ्या हो दादा, मला त्रास होतोय."

कुटी म्हणजे दोन खोल्या, निळा पत्रा, बाहेर चूल आणि एक हातपंप. गार्ड मॅडम खाकी पॅंटवर स्वेटर घालून चुलीवर पाणी तापवत होत्या. पंचविशीच्या असतील. छातीवरच्या पट्टीवर आडनाव होतं, कोवे. मोतीराम त्यांच्याशी दोन शब्द बोलले, आणि कोवे मॅडमनी काही न विचारता मागच्या बाजूला बोट दाखवलं.

"मी जाते हिच्यासोबत," काकू मुलाला म्हणाल्या. "एकटी कशी जाईल, चक्कर आली तर?"

त्या माझ्याही पुढे चालत होत्या.

मागे पत्र्याचं दार असलेला संडास होता. दाराची कडी तुटली होती. काकू आत गेल्या, मी बाहेरून दार ओढून धरलं आणि जंगलाकडे तोंड करून उभी राहिले. समोर एका अर्जुनाच्या खोडावर ओल्या मातीचा थर होता, रानडुकरं पाठ घासून गेली असावीत. मी त्या मातीकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळानं आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला, आणि मग काकूंचं हसू. अगदी लहान मुलीसारखं. मलाही हसू आवरेना. दार धरून मी हसत होते आणि दार खडखड वाजत होतं.

पण त्या बाहेर आल्या तेव्हा हसत नव्हत्या.

"थोडं झालंच गं," त्या म्हणाल्या. "लुगडं…"

कोवे मॅडमनी ते न सांगताच ओळखलं. त्यांनी आतल्या खोलीत बादलीभर कोमट पाणी नेऊन ठेवलं, खुंटीवरचा टॉवेल दिला आणि स्वतःची एक धुतलेली साडी. "घाला, आई. परत पाठवायची घाई नाही," एवढं म्हणाल्या आणि बाहेर जाऊन त्यांनी आमच्या गाडीकडच्या पुरुषांना हाक दिली, "ताईला थोडं पडू द्या. पंधरा-वीस मिनिटं. चहा ठेवते तुमच्यासाठी."

मी काकूंना साडी नेसवली. त्यांच्या निऱ्या माझ्या हातून नीट बसत नव्हत्या. मग आम्ही दोघी तिथल्या लोखंडी खाटेवर टेकलो. कोपऱ्यातला वायरलेस मधूनच खरखरायचा.

"मोठी फजिती होती," काकू म्हणाल्या. "वाचवलं तू."

"असू द्या, काकू."

"तुझ्या बाबांचा वाघ गेला माझ्यापायी."

"दिसेल पुन्हा."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुले किती सहज खोटं बोलता येते गं."

मी हसले. "वेळ पडली की येतं."

त्या हसल्या नाहीत. "गाडीत तू म्हणाली ना, मळमळते म्हणून. तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी. असंच तोंड पहिले कुठंतरी पाहिलं आहे, असं वाटून राहिलं होतं मले. साडी नेसता नेसता आठवलं."

"कुठं?"

"तुमच्या घरी. दिवाळीनंतर आम्ही आलो होतो तेव्हा. तुझे बाबा म्हणाले, 'प्रणिता, तुझी काही हरकत नाही ना बेटा?' आणि तू म्हणाली, नाही."

बाहेर अविनाश आणि बाबा काहीतरी बोलत होते. शब्द कळत नव्हते. मी हातातला टॉवेल घडी करू लागले.

"मी पण बाई आहे," काकू म्हणाल्या. "आता खरं सांग. इथं कोणी नाही."

मी टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. माझं वय तेव्हा एकोणतीस होतं. अमरावतीला माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करत होते, आणि मला ते काम आवडायचं. अकरा ठिकाणांहून नकार आले होते. रंग, उंची, नोकरी, पत्रिका, काही ना काही. बाराव्यांदा काळमेघांकडून, म्हणजे अविनाशच्या घरून, होकार आला तेव्हा बाबा देवघरात जाऊन एकटेच बसले होते. ते पाहिल्यावर मी काय बोलणार? अविनाशमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. दर रविवारी आठ वाजता त्याचा फोन यायचा. जेवण झालं का, हवा कशी आहे. सातव्या मिनिटाला तो म्हणायचा, "बरं, ठेवू मग?" आणि मी म्हणायची, "हो, ठेवा." फोन ठेवला की मला पुढच्या रविवारची धास्ती वाटायची. आणि मग असे किती रविवार, हे मोजता यायचं नाही.

"मला नाही करायचं, काकू," मी म्हणाले.

हे मी तोवर कुणाला म्हटलं नव्हतं. मनातल्या मनातसुद्धा नाही.

आता त्या रडतील, चिडतील, असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले आणि म्हणाल्या, "बरं झालं."

"काय?"

"बरं झालं बोलली. त्यालेही नाही करायचं."

मग त्यांनी सांगितलं. अविनाशच्या ऑफिसात एक मुलगी होती, लीना नावाची. आपल्यातली नाही. अविनाशनं गणपतीत आईला सांगितलं होतं. काकूंनी दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि दिवाळी झाल्यावर ते सगळे आमच्याकडे आले.

"तुमच्याकडून परत येताना चंद्रपूरपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही तो," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, लाजतो. मीच मले सांगत होती, लाजतो म्हणून."

"मग मला पाहायला काऊन आलात?" माझा आवाज चढला, तसा मी दाबला. "माझ्या बाबांनी गावभर सांगितलं. आई रात्री जागून जागून फराळ करतेय. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही आलात?"

"हो."

"अकरा जणांनी नको म्हटलं मला. त्यांनी तोंडावर तरी सांगितलं."

काकूंनी मान खाली घातली. सत्तरीला आलेली बाई, दुसऱ्याच्या साडीत, केस ओले. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तू चांगली आहे. तुझ्या चांगलेपणानं तो विसरून जाईल. तुझा विचारच नाही केला मी. माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

मला खूप काही बोलायचं होतं. पण रागाबरोबर दुसरंही काहीतरी होत होतं. छातीवरून कुणीतरी पाय काढला असावा, तसा मला आतपर्यंत श्वास घेता येत होता. कित्येक महिन्यांनी. मी तो घेत राहिले आणि राग तिथंच, अर्धा बोललेला, राहून गेला.

"मी सांगते सगळ्यांले," काकू म्हणाल्या. "पत्रिकेत दोष निघाला म्हणते. ठपका आमच्यावर येऊ दे."

"नाही. अविनाशना तुम्ही सांगा. बाबांना मी सांगते. आणि खरं ते सांगते."

मोतीराम दारात येऊन खाकरले. "मॅडम, बरं वाटते का आता?"

"बरं वाटतं," मी म्हणाले. ते मात्र खोटं नव्हतं.

साडी कशी बदलली म्हणून अविनाशनं विचारलं, तर "लुगडं हातपंपावर भिजलं" म्हणून काकूंनी वेळ मारून नेली. परतताना समोरून मघाचीच एक गाडी आली. त्यातली मुलं आम्हाला पाहून तीन बोटं नाचवत होती. तिन्ही पिल्लं रस्त्यावर आली होती, आईच्या अंगावर चढली होती, दहा मिनिटं खेळली होती. बाबा माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "असू दे. तुझी तब्येत महत्त्वाची." काकूंनी पदरानं डोळे पुसले. अविनाशला वाटलं, धूळ गेली असेल.

रिसॉर्टवर तर्री-पोहे समोर आले, पण मी बाबांना म्हणाले, "जरा तलावाकडे येता का?"

आम्ही पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलो. पाण्यावर बदकं होती. मी सरळ सांगून टाकलं. मला लग्न करायचं नाही. अविनाशचंही मन दुसरीकडे आहे. मळमळ खोटी होती, आणि ती का, तेही सांगितलं. काकूंनी परवानगी दिली होती.

बाबांनी कानटोपी काढली. ती मांडीवर ठेवली.

"त्यानं काही वावगं केलं?"

"नाही, बाबा. काहीच नाही."

"मग तेव्हा का नाही बोललीस? मी विचारलं होतं तुला. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोरच विचारलं होतं, बाबा."

ते माझ्याकडे पाहू लागले. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या कपाळाला लावला, ताप पाहतात तसा. लहानपणी ते मुक्कामी ड्यूटीवरून परत आले की असा हात लावायचे.

"तुझ्या आईला फोन मी करतो," शेवटी ते म्हणाले. "तू नको करू. चिवडा आपण खाऊ, त्यात काय."

मी त्यांच्या मफलरमध्ये तोंड लपवून रडले. त्यांनी रडू दिलं.

आम्ही परत आलो तेव्हा अविनाश पायरीवर उभा होता. काकूंनी त्याला सांगितलेलं दिसत होतं. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला असेल; एरवी तो समोर असला तरी तिथं नसायचा.

"तुम्हाला फार राग आला असेल," तो म्हणाला. "मी आधीच बोलायला हवं होतं."

"आला. थोडा अजून आहे." मग मी विचारलं, "लीना काय करतात?"

त्यानं आधी आईच्या खोलीकडे पाहिलं, मग सांगायला सुरुवात केली. ती आराखडे काढायची, तिला मांजरं आवडायची, तिला सायकलचीसुद्धा भीती वाटायची. तो वीस मिनिटं बोलला. सगळ्या रविवारांच्या फोनवरचे त्याचे शब्द मोजले तरी एवढे भरले नसते. पोहे गार झाले. मी ते गारच खाल्ले, आणखी मागून खाल्ले.

दुपारच्या फेरीचे परवाने आमच्या चौघांच्या नावानं आधीच निघालेले होते. जावं की नाही, कुणालाच कळेना. काकूच म्हणाल्या, "आता आलोच आहोत तर चला." या वेळी बाबा आणि काकू पुढच्या बाकावर बसले, आम्ही दोघं मागे. ऊन चांगलं होतं. बाबांनी काकूंना दुर्बीण कशी फिरवायची ते दाखवलं. काकूंनी ती उलटी धरली आणि म्हणाल्या, "हे तर सारं दूर गेलं."

लीना आणि अविनाशचं लग्न पुढच्या मे महिन्यात झालं. मी गेले होते. माझं चार वर्षांनी झालं, अकोल्याच्या एका माणसाशी. त्यानं मला पहिल्याच भेटीत एकटीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्हाला खरंच करायचंय का?" पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी आम्हाला वाघ दिसला नाही. तळ्याच्या काठावर पन्नासेक चितळं चरत होती. मोतीरामांनी गाडी थांबवली. सकाळी एवढा गोंधळ झाला, वाघीण हुकली, म्हणून त्यांना बहुतेक आमची समजूत घालावीशी वाटत असावी. त्यांनी मागे वळून माझ्याकडे आणि अविनाशकडे कौतुकानं पाहिलं, आणि काकूंना हळूच म्हणाले, "वाघ काय, पुढल्या साली पण दिसते, आई. पण जोडी बाकी छान जमली जी तुमची. सूनबाई मोठी गुणाची आहे."

मग काकूंच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. अविनाशनं तोंडावर हात दाबला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि तिथंच सगळं सुटलं. आम्ही चौघंही हसत सुटलो, मोठमोठ्यानं, गाडी हलेपर्यंत. चितळांनी एकदम माना वर केल्या आणि अख्खा कळप पांढऱ्या शेपट्या उडवत रानात पसार झाला. मोतीराम आणि ड्रायव्हर एकमेकांकडे पाहत होते. काकू, अविनाश, मी, आम्ही कसेबसे थांबलो. पण बाबा थांबेनात. ते पुढच्या दांडीला धरून, वाकून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मध्येच श्वास घेऊन म्हणत होते, "गुणाची आहे हो. गुणाचीच आहे."